सात नंबरची डबी

१

जानकीबाईंचा चौदावा दिवस. सूतक फिटलं होतं, घर सारवून झालं होतं, आणि पडवीत बसून डॉक्टर भास्कर मोघे एका पत्र्याच्या डबीत नुसते बघत बसले होते.

डबीवर सात आकडा होता. आत चार पुड्या उरलेल्या. तांदळाच्या कागदासारख्या पापुद्र्यात औषध बंद केलेलं, गिळणाऱ्याला आतलं दिसू नये म्हणून. डॉक्टरांनी एक पुडी नखाने फोडली. पांढरं पीठ सांडलं. दुसरी फोडली, तीही पांढरी. चारही पांढऱ्या निघाल्या.

समोर जानकीबाईंचे यजमान उमाशंकरपंत बसले होते. सात नंबरचं पाकीट त्यांनी नुकतंच लाख फोडून उघडलं होतं. त्यातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्याच अक्षरात एक शब्द होता: निळी.

आता हे प्रकरण काय, ते आधी सांगतो. डॉक्टर मोघे धारचे. लढाईच्या काळात ते बिहारात रामगडच्या छावणीत होते. तिथे चिनी पलटणी होत्या आणि पलटणींबरोबर एक म्हातारा चिनी वैद्य होता. वर्षानुवर्षं आवेबरोबर रक्त पडणारी माणसं असतात ना, मोठ्या आतड्याला व्रण पडलेली, ज्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही? त्यांना हा म्हातारा एक निळी पूड द्यायचा. निळीचा हौद घुसळला की वर फेस येतो, तो वाळवून चाळलेली पूड. डॉक्टर आधी हसले. मग माणसं उठून चालायला लागलेली त्यांनी पाहिली आणि हसणं थांबलं. पण गडी मोठा चिकट. म्हणाले, डोळ्यांनी पाहिलेलं सगळंच खरं धरायचं तर भुतंही खरी धरावी लागतील. मला पुरावा पाहिजे.

निळीचे हौद धारच्या कापडं रंगवणाऱ्या छिप्यांकडे होतेच. डॉक्टरांनी बारा रोगी निवडले, सहा धारचे आणि सहा देवासचे. चिठ्ठ्या टाकून सहा जणांना निळी पूड आणि सहा जणांना साधं पीठ द्यायचं, आणि कुणाला काय ते कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं. बारा चिठ्ठ्या बारा पाकिटांत घालून, लाखेने बंद करून, ज्याच्या सचोटीबद्दल शंका घेता येणार नाही अशा माणसाकडे ठेवायच्या. हा माणूस म्हणजे उमाशंकरपंत चांदोरकर, देवासच्या धाकट्या पातीच्या कचेरीतले जुने सरिश्तेदार. एका गावात दोन राजे आणि दोन कचेऱ्या होत्या तेव्हा थोरल्या पातीचे लोकसुद्धा आपले कागद या माणसाकडे ठेवून जायचे. संस्थानं गेली, पंतांचा ताठा राहिला. सगळ्या रोग्यांना पडवीत बसवून त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पुडी ज्याची त्याने घ्यायची. अदलाबदल झाली तर सगळा पुरावा मातीत जाईल, आणि मला कळलं तर माझ्या हाताने मी तुमचं नाव खोडीन.

देवासच्या सहा रोग्यांत त्यांची बायकोही होती. आठ वर्षं जानकीबाईंना हे दुखणं होतं. श्रावणात औषध सुरू झालं, महिन्याभरात रंग परतला, आणि कोजागिरीच्या आधी दोन दिवस एका सकाळी इतकं रक्त गेलं की डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, रविवारी इंदूरहून दोन मोठे डॉक्टर कागद बघायला येणार आहेत. ते चिठ्ठी वाचतील. निळी घेऊन बाई दगावली एवढंच त्यांना दिसेल, औषध बंद होईल, आणि ज्यांना गुण येतोय त्यांचं पुढे काय ते देव जाणे.

पंतांना यातलं अर्धंच ऐकू आलं. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. बायकोच्या डबीतलं औषध कुणीतरी काढून घेतलं होतं. ज्याने ते काढलं त्याने तिला मारलं. आणि डबी तर स्वयंपाकघराच्या कोनाड्यात असायची, जिथे घरच्या माणसाखेरीज कुणाचा हात पोचत नव्हता.

२

घरचं माणूस म्हणजे एकच. यमुनाबाई, पंतांची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणत. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून भावाकडे होती, आणि तिचं सोवळं असं कडक की वाळत घातलेल्या लुगड्यावरून वारा आला तरी तिला विचार पडायचा.

आणि नीळ सोवळ्याला चालत नाही. निळीचं वस्त्र नेसून आपल्यात देवाला शिवत नाहीत, मग ती पोटात घालणं तर दूरच. श्रावणात पहिल्याच आठवड्यात एक पुडी जानकीबाईंच्या तोंडात फुटली आणि जीभ जांभळं खाल्ल्यासारखी झाली. औषध काय आहे ते त्याच दिवशी चुलीपर्यंत पोचलं. पंत मात्र नियमाला धरून होते. बायको काही सांगू लागली तर ते कानांवर हात ठेवायचे, जिभेकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाकिटं माझ्याकडे आहेत, मला काही कळता कामा नये, म्हणायचे.

पंतांनी अक्काला देवघरासमोर गाठलं. कचेरीत साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. नीळ घरात आली ते तुला खपलं नाही, होय ना? कोनाड्याला हात कुणाचा लागतो? डबीतल्या पुड्या तूच बदलल्यास ना?

अक्काने हातातली वात खाली ठेवली. ती ओरडली नाही, हेच पंतांना जड गेलं.

"जिभेचा रंग बघून जानकी रडली," ती म्हणाली. "म्हणाली, अक्का, हे पोटात घेऊन मी देवाचं कसं करू? मी तिला सांगितलं, तू नीळ खा, देवाला मी सांभाळते. गुडघे धरून पाच आठवडे नैवेद्याचा स्वयंपाक मी केला, उमा. तिने ते औषध घ्यावं म्हणून केला. आणि तू मला विचारतोस?"

अक्का पुढे सांगत राहिली. गौरी जेवायच्या दिवशी जानकी पहाटे न्हाऊन सोवळं नेसून स्वयंपाकघरात आली. म्हणाली, अक्का, तुम्ही बसा, आज गौरींचा नैवेद्य मी करते. "तू किती खूश झालास. पाटावर बसून म्हणालास, आज घर पुन्हा घरासारखं दिसतंय. मला मात्र धस्स झालं. मी विचारलंही. म्हणाली, बरी झाले आता. मी गप्प बसले."

पंतांना तो दिवस लख्ख आठवला. सोळा भाज्या, पुरणाचा वास, आणि नऊवारी सोवळ्यात तिची ती वाकलेली पाठ. बायको सोवळ्यात परत आली म्हणजे बरी झाली, असं त्यांनी धरलं होतं. आणि मागून आणखी दोनदा पुरण वाढून घेतलं होतं.

जानकी देवाशी लबाडी करणारी नव्हती. सोवळं नेसली त्याचा अर्थ एवढाच, की त्या दिवसापासून तिच्या पोटात नीळ जात नव्हती आणि ते तिला माहीत होतं. कुणी तिला फसवलं नव्हतं. औषध तिने आपणहून सोडलं होतं.

मग तिची निळी पूड गेली कुठे?

३

दुसऱ्या दिवशी पंत मोटारीने धारला गेले. दिवाळीचे दिवस, मोटार गच्च भरलेली, आणि यांच्या मांडीवर ती सात नंबरची डबी.

डॉक्टरांचा कंपाउंडर भगवंत हा पुड्या बांधायचा. दर दुसऱ्या सोमवारी देवासला येऊन, पंतांच्या पडवीत बसून, सहा जणांना तोच त्या वाटायचा. माणूस बोलका, धारच्या राजांचे तंबू ठोकणाऱ्या जुन्या तंबूवाल्यांपैकी. पंतांनी डबी पुढे ठेवून, भरताना तुझा हात चुकला का किंवा पूड कुणाला दिलीस का, असं सरळ विचारलं. तो दुखावला.

"पंतजी, हाताला खोट असती तर अपन इथे टिकलो नसतो," तो म्हणाला. "काकूंची जीभ पहिल्या महिन्यात निळी होती की नाही? मी बघितली आहे. म्हणजे सातमध्ये माल बरोबर जात होता. मागाहून मी कशाला बदलू? कौन देगा मुझे उसका कुछ? छिपे तो फेस पहिले फेकूनच देत होते."

खोटं नव्हतं. पंतांनी मग नुसतं विचारलं, की गौरीपासूनच्या सोमवारी आमच्या पडवीत काय काय व्हायचं, जसं आठवेल तसं सांग. भगवंतने सांगितलं. माणसं यायची, पुड्या घ्यायची, जायची. रेंगाळायची ती एकटी दुर्गा, जुन्या पागेतल्या नालबंदाची सून, आठ नंबरवाली. चार महिन्यांचं पोर कडेवर, हाडांचा सापळा झालेली. काकू तिला दरवेळी आत न्यायच्या. बाहेर यायची ती पदरात ओटी घेऊन, नारळ, तांदूळ, सगळं गाठीत बांधलेलं.

"माझी बायको असती तर म्हणाली असती, पितरांच्या दिवसांत ओटी कोण भरतं भिया? पण मोठ्या घरच्या रीती, आपण काय बोलणार," असं म्हणून भगवंत हसला.

पंत हसले नाहीत. परतीच्या मोटारीत बसून त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. भगवंतने सांगितलेल्यांतला पहिला सोमवार गौरी जेवायच्या दिवशीच आला होता. त्या दिवशी माहेरवाशीण म्हणून दुर्गाची ओटी भरली, ते ठीक. नवरात्रातला सोमवार, तोही ठीक. पण मधला सोमवार पितृपंधरवड्यातला. त्या पंधरा दिवसांत शुभाचं काही करत नाहीत हे जानकीला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यात एक रीत न मोडलेली बाई, तिने पितृपक्षात सवाष्णीची ओटी का भरावी?

एकच कारण असू शकत होतं. तो सोमवार चुकवून चालणार नव्हतं, आणि ओटीत नुसते तांदूळ नव्हते.

४

दुर्गा पागेच्या मागच्या दोन खोल्यांत राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत दारात उभे राहिलेले बघून ती गडबडली, डोक्यावर पदर घेतला, घोंगडी अंथरली. पोर खाटल्यावर लोळत होतं, गुबगुबीत, पायाचा अंगठा तोंडात धरून. दुर्गाच्या अंगावरही मांस चढलं होतं. पण डोळ्यांखाली पुन्हा काळं दिसत होतं.

पंतांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, तुझ्या काकूंनी ओटीत घातलं ते मला ठाऊक आहे. तशी तिला सुटल्यासारखं झालं.

"काका, सच्ची सांगते, मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "काकू म्हणाल्या, तुझी पुडी फोडली तर पांढरी निघते, मी बरी झाले, माझं काम झालं, आता उरलेलं तू घे. तुझं लेकरू अंगावर पितंय. तुझ्या पुड्या मला दे, डबीत घालून ठेवते, नाहीतर आमच्या सरिश्तेदारांच्या नजरेतून सुटायचं नाही. ओटीत घातलेलं परत करत नाहीत म्हणाल्या. मग मी काय करणार?"

"मला का नाही सांगितलं?" पंतांनी विचारलं.

दुर्गा थोडी संकोचली, मग अगदी निर्मळपणे म्हणाली, "त्यांनीच मना केली होती. म्हणाल्या, ते कायद्याचे माणूस आहेत. कळलं तर तुझ्याकडून परत घ्यायला लावतील."

पंत घोंगडीवर बसून राहिले. आपण ते परत घ्यायला लावलं असतं का? त्यांनी स्वतःला विचारलं आणि खरं उत्तर दिलं, कारण खोटं द्यायची सवय नव्हती. हो. घ्यायला लावलं असतं. स्वतः इथे येऊन, या खाटल्याशेजारी उभं राहून, नियम वाचून दाखवला असता. तीस वर्षं एका ताटाचं अन्न खाल्लं आणि बायकोला आपला हा स्वभाव पाठ होता. त्यांची एकुलती लेक कमल बाळंतपणात गेली, तिलाही अंगावर पिणारं पोर होतं, तेही मागोमाग गेलं. तेव्हापासून जानकी लहान पोर कडेवर दिसलं की रस्त्यात थांबायची. पाच आठवडे तिचं रक्त पुन्हा जात होतं. पहाटे उठून स्वतःचं लुगडं स्वतः धुवायची. ते त्यांनी पाहिलं होतं आणि सोवळं म्हणून सोडून दिलं होतं.

दुर्गा विचारत होती, "काकू तर चांगल्या झाल्या होत्या ना? मग असं कसं झालं, काका?"

चौसष्ट वर्षांत उमाशंकरपंत जाणूनबुजून खोटं बोलले नव्हते. दोन्ही पात्यांना हे ठाऊक होतं.

"काळजाचं दुखणं निघालं तिला," ते म्हणाले. "पोटाचं नव्हे. पोट बरं झालं होतं."

दुर्गाने डोळे पुसले. मग खालच्या आवाजात सांगितलं, काकूंच्या पुड्या संपून आठवडा झाला, आणि कालपासून तिला पुन्हा रक्त दिसतंय.

५

पंत त्याच दिवशी पुन्हा धारला निघाले. डॉक्टरांपुढे त्यांनी आठ नंबरचं पाकीट ठेवलं, लाखेसकट. सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाले, माझं म्हणणं खरं असेल तर यात साधी असं लिहिलेलं निघेल. नाही निघालं तर मी म्हातारचळ लागलेला माणूस समजा.

डॉक्टरांनी लाख फोडली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: साधी.

मग पंतांनी, आयुष्यात पहिल्यांदा, कागदाकडून काही मागितलं. म्हणाले, डॉक्टर, हाच तर पुरावा झाला. ती निळीवर बरी होत होती, सोडली आणि गेली. दुर्गा पिठावर मरत होती, निळी मिळाली आणि उठली, संपली तशी पुन्हा पडली. बारा जणांत इतका धडधडीत पुरावा दुसरा नाही. हे लिहा. तिचं नाव घालून लिहा.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मान हलली ती आडवी.

"मला ते पटतं, पंत. पण त्या दोघींना काय मिळतंय ते त्यांना माहीत होतं, आणि अदलाबदल त्यांनी स्वतः ठरवली. आज हे मी सोयीचं म्हणून मोजलं, तर उद्या कुणीही आपल्या सोयीचं तेवढं मोजेल. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. माझ्या हाताने नाव खोडीन, असंही सांगितलं होतं. पंतांनी बारा रोग्यांच्या नावांचा तक्ता पुढे ओढला, पट्टी मागितली, आणि सातव्या ओळीवर सरळ रेघ मारली. मग आठवीवर. ते काम त्यांना तीस वर्षं येत होतं. रेघ वाळेपर्यंत मात्र ते त्या कागदावर हात ठेवून बसले, आणि भगवंत आतल्या खोलीत निघून गेला.

रविवारी इंदूरचे दोन डॉक्टर आले. बाईच्या तोंडी निळी गेली नव्हती तेव्हा, हे पटल्यावर तो मृत्यू औषधाच्या माथी बसला नाही. उरले दहा. निळीच्या पाचांतले चार सुधारले होते, पिठाच्या पाचांतला एक. पाहुणे म्हणाले, दहा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण थांबवण्यासारखंही काही दिसत नाही. शंभर माणसं घ्या, मग बोलू. डॉक्टर मोघ्यांना याहून जास्त काही नकोच होतं. दुर्गाचं नाव तक्त्यातून गेल्यामुळे तिला आता उघडपणे निळी द्यायला कुणाची हरकत नव्हती. तेवढं जानकीबाईंनी मिळवलं, पण कुठल्या कागदावर ते दिसत नाही.

सोमवारी भगवंत देवासला आला. पडवीत पुड्या वाटून झाल्या. दुर्गा पोर कडेवर घेऊन आली आणि सवयीने माजघराच्या दारापर्यंत गेली. तिथे ती थबकली. आतून कुणी यायचं नव्हतं. पंतांनाही तेव्हाच ध्यानात आलं, की या घरात आता ओटी भरणारं कुणी उरलं नाही. पुरुषाने भरायची नसते. विधवेने तर नाहीच. दुर्गाच्या पुड्या हातात धरून ते खुळ्यासारखे उभे राहिले.

अक्का सोवळ्यात होती, नैवेद्याचं पान वाढून झालं होतं. ती बाहेर आली, भावाच्या हातातल्या पुड्या तिने काढून घेतल्या. पंत म्हणाले, अक्का, यात नीळ आहे.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. मग दुर्गाकडे वळली. "पदर पसर, मुली. माझ्या हातची चालत नसेल तर तसं सांग."

दुर्गाने पोराला पंतांच्या हातात दिलं आणि पदर पसरला. अक्काने तांदूळ घातले, नारळ घातला, वर पुड्या घातल्या. पन्नास वर्षांत तिने कुणाची ओटी भरली नव्हती. तांदूळ बरेच खाली सांडले. एक पुडी फुटून तिची बोटं निळी झाली. ती पदराला पुसून अक्का तशीच आत गेली, पुन्हा न्हायला गेली नाही, आणि त्याच हातांनी तिने देवापुढे पान ठेवलं.

पोर पंतांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपायच्या बेतात होतं. ते इतका वेळ तसेच उभे राहिले की शेवटी दुर्गालाच म्हणावं लागलं, काका, द्या आता, मला जायला पाहिजे.